डायनासोरच्या सांगाड्यातलं खरं किती?

माझी एक मैत्रीण ऑडिटर आहे. डायनासोरचं संग्रहालय बघायला तिच्याबरोबर मुळीच जाऊ नये, की फक्त तिच्याचबरोबर जावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आत शिरलो तर समोरच एक अवाढव्य सांगाडा. बाकीचे लोक माना वर करून "बापरे" म्हणत होते. ही मात्र खाली वाकून त्याच्या पायाशी लावलेली पाटी वाचत होती. वाचून सरळ झाली आणि म्हणाली, "हा खरा आहे की प्लास्टरचा?"

"थोडा खरा, थोडा प्लास्टरचा."

"म्हणजे खोटा."

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. जुलै २०२४ मध्ये 'एपेक्स' नावाचा स्टेगोसॉरसचा सांगाडा न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ४ कोटी ४६ लाख डॉलरना विकला गेला. त्या बातमीत एक आकडा होता: साधारण ३१९ हाडांपैकी २५४ अस्सल. मैत्रिणीला तो आकडा तोंडपाठ होता. "मग उरलेल्या ६५ हाडांचं काय? आणि ती हाडं इतक्या कोटी वर्षांची आहेत हे कुणी सांगितलं? व्हाउचर कुठाय?"

पुढचे तीन तास मी व्हाउचरं दाखवत फिरत होते. तीच इथे मांडते.

हाड आहे, पण दगडही आहे

पहिला गोंधळ 'खरं हाड' या शब्दाचाच. संग्रहालयातलं अस्सल हाडही तुमच्या-माझ्या हाडासारखं राहिलेलं नसतं. ते जीवाश्म असतं, म्हणजे जमिनीखाली गाडलं जाऊन दगडाच्या रूपात टिकलेला जिवाचा अवशेष.

हे होतं कसं? घरात बोअरचं पाणी येत असेल तर बादलीच्या तळाशी, नळाच्या तोंडाशी पांढरे क्षार धरलेले तुम्ही पाहिले असतील. पाणी निघून जातं, त्यातले क्षार मागे राहतात. गाडलेल्या हाडात हेच घडतं. हाड वरून भरीव दिसलं तरी आतून जाळीदार असतं. भूजल त्या जाळीतून झिरपत राहतं आणि जाता जाता खनिजं ठेवून जातं. पोकळ्या भरत जातात, हाडाचा मूळ खनिज भागही हळूहळू बदलतो. आकार हाडाचाच राहतो, वजन मात्र दगडाचं होतं.

ही जाळी इतकी छान टिकते की उत्खननाच्या जागी अभ्यासक कधी कधी सापडलेला तुकडा चक्क जिभेला लावून बघतात. साधा दगड जिभेला चिकटत नाही. हाडाची बारीक छिद्रं ओलावा ओढून घेतात आणि तुकडा जिभेला धरून राहतो. मैत्रिणीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून या विज्ञानावरचा तिचा विश्वास वाढला की संपला ते कळेना. आतली रचना टिकते म्हणून आणखी एक गोष्ट साधते. हाड आडवं कापून पातळ चकती केली की झाडाच्या खोडासारखी वाढीची वलयं दिसतात. शिकागोच्या फील्ड म्युझियममधली 'सू' ही टी. रेक्स मेली तेव्हा सुमारे २८ वर्षांची होती, असा अंदाज २००४ मध्ये अशाच वलयांवरून बांधला गेला.

सत्यप्रत बनावट नसते

आता प्लास्टरकडे वळू. संग्रहालयात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. एक असते प्रतिकृती: खऱ्या हाडाचा साचा घेऊन ओतलेली हुबेहूब नक्कल. दुसरी भर: जे हाड सापडलंच नाही त्याच्या जागी अंदाजाने घडवून बसवलेलं हाड. पहिलीत अंदाज नसतो, दुसरीत असतो. मी मैत्रिणीला तिच्याच भाषेत सांगितलं: प्रतिकृती म्हणजे सत्यप्रत. मूळ कागद तिजोरीत आहे आणि शिक्का मारलेली झेरॉक्स फाइलला लावली आहे. त्या झेरॉक्सला तू खोटी म्हणतेस का?

"मूळ कागद कुठे आहे ते लिहिलं असेल तर नाही म्हणत."

बरोबर. आणि ते बहुधा लिहिलेलं असतं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा प्रसिद्ध डिप्लोडोकस, लाडाने 'डिपी', हा अख्खाच प्लास्टरची प्रतिकृती आहे. २९२ हाडं, ३६ खोक्यांतून समुद्रापार आलेली, १९०५ मध्ये लोकांसमोर उभी राहिलेली. मूळ हाडं अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियममध्ये. डिपीसमोर उभं राहून पिढ्यान् पिढ्या लोक थक्क झाले. त्यातले किती जण प्लास्टर बघून थक्क होतोय हे जाणून होते, देव जाणे.

प्रतिकृती वापरायला कारणं आहेत आणि ती चांगली आहेत. दगड झालेलं हाड प्रचंड जड आणि तरीही ठिसूळ असतं. 'सू'ची खरी कवटी जवळपास २७० किलोची आहे. ती मानेवर चढवायची तर कवटीच्या आत लोखंडाचा सापळा घालावा लागला असता. म्हणून सांगाड्यावर हलकी प्रतिकृती आहे आणि खरी कवटी वेगळ्या काचेत, जवळून बघता येईल अशी. दुसरं कारण, अभ्यासकांना तेच हाड पुन्हा पुन्हा हाताळायचं असतं. दहा फुटांवर पोलादाला जखडलेलं हाड काय हाताळणार? न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत २०१६ मध्ये मांडलेला ३७ मीटरचा टायटनोसॉर तर सगळाच फायबरचा आहे. इतका लांब की डोकं आणि मानेचा काही भाग दालनाच्या दाराबाहेर डोकावतो.

डोळ्यांनी ओळखायचं कसं? प्रतिकृतीचा रंग सगळीकडे एकसारखा असतो, आणि नीट पाहिलं तर साच्याच्या दोन भागांच्या जोडाची बारीक रेघ दिसते. अस्सल हाडावर तडे, डाग, चिकटवलेले तुकडे, चेपलेल्या जागा असतात. जमिनीच्या दाबाने हाड वाकलेलंही असतं, त्यामुळे उजवी-डावी बाजू तंतोतंत जुळत नाही. थोडक्यात, जे हाड फारच देखणं दिसतंय त्याच्याकडे जरा संशयाने बघावं. कित्येक संग्रहालयं भर घातलेल्या भागाचा रंग मुद्दाम थोडा वेगळा ठेवतात. जिथे ठेवत नाहीत तिथे पाटी वाचायची.

पाटीवर एक क्रमांकही असतो. 'सू'चा आहे एफएमएनएच पीआर २०८१. हा क्रमांक म्हणजे व्हाउचर नंबर. त्यावरून हाड कुठे, कधी, कोणत्या थरात सापडलं याची नोंद काढता येते, आणि जगातला कुणीही अभ्यासक तीच वस्तू मागून घेऊन आधीच्याचं म्हणणं तपासू शकतो. हे ऐकून मैत्रीण पहिल्यांदा थोडी सैल झाली.

"पण लबाडी होतच नाही असं नाही ना?"

होते की. 'आर्किओरॅप्टर' हे त्याचं गाजलेलं उदाहरण. पक्ष्याचं अंग आणि डायनासोरची शेपटी असलेला हा जीवाश्म १९९९ मध्ये एका नामवंत मासिकात झळकला. पुढे निघालं ते असं की चीनमध्ये वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे जोडून कुणीतरी तो विक्रीसाठी तयार केला होता. तो पकडला कसा गेला? क्ष-किरणांच्या स्कॅनमध्ये जोड दिसले. शिवाय, दगड फोडला की जीवाश्माचे दोन जुळे ठसे निघतात, एक या फळीवर आणि एक त्या. चिनी अभ्यासक शू शिंग यांना त्या शेपटीचा जुळा ठसा दुसऱ्याच एका प्राण्याच्या अंगाला जोडलेला सापडला. एकच पावती दोन फायलींत लागलेली सापडावी, तसं.

सापडलंच नाही ते हाड कुठून आणतात?

भर घालण्याचे मार्ग ठरलेले आहेत. डावी मांडी आहे, उजवी नाही, तर डावीची आरशातली प्रतिमा घडवायची. यात वाद नाही. शेपटीचा बारावा आणि चौदावा मणका आहे, तेरावा नाही, तर मधला आकार काढता येतो. तेही ठीक. अमुक हाड त्या जातीत कुणालाच सापडलेलं नाही, तर जवळच्या भावकीतल्या प्राण्याचं बघून बनवायचं. खरा धोका इथे आहे. आणि इथे चुका झाल्या आहेत, मजेदार चुका.

इग्वानोडॉनला हे नाव १८२५ मध्ये मिळालं तेव्हा जेमतेम काही दात आणि सुटी हाडं हातात होती. त्यांत एक टोकदार सुळका होता. तो गेंड्यासारखा नाकावर असणार असं वाटलं, आणि १८५४ च्या सुमारास लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत उभारलेल्या पुतळ्यांच्या नाकावर तो बसवलाही गेला. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे डझनावारी सांगाडे मिळाले, बरेचसे अखंड. तेव्हा कळलं, तो सुळका अंगठ्याचा आहे. नाकावरचा अंगठा! ते पुतळे आजही त्या बागेत तसेच आहेत.

डोक्यांचं प्रकरण याहून अवघड. लांब मानेच्या महाकाय डायनासोरांची कवटी लहान आणि मानेला सैल जोडलेली असे. मेल्यावर ती आधी निखळून वाहून जायची. भारतात सापडलेल्या बारापासॉरसची शेकडो हाडं मिळाली, पण कवटीच्या नावाने काही दात सोडले तर काही नाही. (हे नाव मला फार आवडतं. 'बारा पा' म्हणजे बडा पाय, आणि पुढे जोडलेलं 'टागोराय' रवींद्रनाथांसाठी.) पिट्सबर्गच्या अपॅटोसॉरसशेजारी १९०९-१० च्या उत्खननात एक कवटी मिळाली होती, पण मानेला जोडलेली नव्हती. ती त्याचीच, असं तिथले संचालक हॉलंड यांचं मत. इतर तज्ज्ञांना ते पटेना. हॉलंडनी सांगाडा बिनडोक्याचाच उभा ठेवला. त्यांच्या मृत्यूनंतर त्यावर दुसऱ्याच धाटणीची, आखूड तोंडाची कवटी चढवण्यात आली. १९७९ मध्ये ती उतरवून लांबट तोंडाची बसवली, कारण हॉलंडचंच बरोबर निघालं होतं. मला विचाराल तर त्या सांगाड्याची सगळ्यात प्रामाणिक वर्षं ती डोकं नसलेलीच.

'सू'च्या बाबतीत हा प्रामाणिकपणा अलीकडे दिसला. तिच्या पोटाखालच्या बारीक फासळ्या सापडल्या होत्या, पण त्या नेमक्या कशा बसतात याची खात्री नव्हती. २००० मध्ये सांगाडा उभा राहिला तेव्हा त्या बाजूला ठेवल्या गेल्या. लागल्या २०१८ मध्ये. फासळ्या लागल्यावर ही बया आधीपेक्षा चांगलीच पोटाळ दिसू लागली.

"अठरा वर्षं उचंत खात्यात," मैत्रीण म्हणाली. ज्या रकमेचं नाव-गाव लागत नाही ती तात्पुरती जिथे टाकतात, ते उचंत खातं. तिच्या तोंडून ही स्तुती होती.

वय कुणी सांगितलं?

हा तिचा खरा प्रश्न होता, आणि बहुतेकांचा असतो. 'कार्बन डेटिंग करतात' हे आपलं पाठ केलेलं उत्तर. ते डायनासोरांसाठी साफ चुकीचं आहे.

आधी मूळ कल्पना बघू. एका हॉलमध्ये हजार माणसं आहेत. दर मिनिटाला प्रत्येकाने नाणं उडवायचं; काटा पडला तर बाहेर जायचं. कोण कधी बाहेर जाईल ते कुणीच सांगू शकत नाही. पण एका मिनिटाने साधारण ५०० उरतील, दोन मिनिटांनी २५०, तीन मिनिटांनी १२५. म्हणजे मध्येच दार उघडून आत किती आणि बाहेर किती हे मोजलं, तर खेळ सुरू होऊन किती वेळ झाला ते घड्याळाशिवाय सांगता येतं. किरणोत्सारी अणू असंच वागतात. निम्मे अणू बदलायला जो काळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात.

कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. नऊ वेळा निम्मं केलं की, म्हणजे सुमारे ५१ हजार वर्षांत, हजारातले दोनच उरतात. त्यापुढे मोजायला काही शिल्लकच नसतं. शेवटचे मोठे डायनासोर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले. त्यांच्यासाठी संथ घड्याळ हवं. युरेनियम-२३५ चं अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षं, युरेनियम-२३८ चं सुमारे ४४७ कोटी. दोन्हींचं शेवटी शिसं होतं, दोघांचं वेगवेगळ्या प्रकारचं.

आता गंमत अशी की हे घड्याळ हाडात नसतंच. ते असतं ज्वालामुखीच्या राखेत. राखेत झिर्कॉन नावाचे वाळूच्या कणाएवढे स्फटिक असतात. झिर्कॉन तयार होताना युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळजवळ घेतच नाही. म्हणजे खेळ सुरू होताना हॉलबाहेर कुणीही नाही. आज त्या स्फटिकात जे शिसं सापडतं, ते बहुतेक सगळं आतल्या युरेनियमपासूनच झालेलं.

"पण वय राखेचं निघालं. हाडाचं कुठे निघालं?"

ट्रंकेतल्या कागदांच्या गठ्ठ्याची कल्पना करा. कुणी उपसाउपस केलेली नाही; कागद येतील तसे एकावर एक पडत गेलेत. मध्ये एक बिनतारखेचं पत्र आहे. त्याच्या खालच्या बिलावर १९६२ ची तारीख, वरच्या पावतीवर १९६५ ची. पत्र कधीचं? गाळाचे थरही असेच एकावर एक बसतात. हाडाच्या खाली राखेचा एक थर, वर दुसरा. दोन्हींची वयं काढली की हाड त्या दोघांमध्ये अडकतं. आणि गठ्ठा उपसलेला असेल तर, म्हणजे थर वाकलेले, उलटलेले असतील तर, त्याच्या खुणाही खडकात दिसतात.

"अणूंचा वेग पूर्वी वेगळा असेल तर?"

ही शंका वाजवी आहे. तापमान, दाब, रसायनं बदलून प्रयोगशाळांत हे वेग तपासले गेलेत. या युरेनियमवर त्यांचा पत्ता लागेल असा परिणाम होत नाही. पण मला जास्त पटतं ते दुसरं उत्तर. एकाच स्फटिकात दोन युरेनियम आहेत, दोन वेगांची दोन घड्याळं. दोन्हींतून वय एकच निघालं तरच ते धरलं जातं. स्फटिकातून मध्येच शिसं गळालं असेल तर आकडे जुळत नाहीत आणि गडबड उघडी पडते. पोटॅशियमपासून आरगॉन होण्याचं तिसरं, पूर्णपणे वेगळं घड्याळ आहेच. वेग बदलले असते, तर हे सगळे नेमक्या अशाच प्रमाणात बदलायला हवेत की उत्तर तेच यावं. मैत्रीण म्हणाली, तीन वेगवेगळ्या कारकुनांच्या वह्या पैशापर्यंत जुळल्या तर ती दोनच गोष्टी धरते: हिशेब खरा आहे, किंवा तिघं सामील आहेत. अणू सामील कसे होणार, यावर मग ती स्वतःच बराच वेळ बोलत राहिली.

मऊ उतींच्या बातमीचं काय?

२००५ मध्ये एका टी. रेक्सच्या मांडीच्या हाडातली खनिजं विरघळवल्यावर आत लवचीक, रक्तवाहिन्यांसारखे धागे मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. 'मग हाड इतकं जुनं नसणारच' असा निष्कर्ष तेव्हापासून फिरतोय. या धाग्यांत मूळ प्रथिनांचं नेमकं काय उरलंय आणि ते टिकलं कसं, यावर अभ्यासकांत खरोखर वाद आहेत. वयावर नाहीत. पत्राची शाई अजून ओली भासली म्हणून खालच्या-वरच्या पावत्यांच्या तारखा बदलत नाहीत. शाई कसली होती हे शोधावं लागतं. डीएनए मात्र इतका काळ तगत नाही. आजवर वाचता आलेला सगळ्यात जुना डीएनए सुमारे २० लाख वर्षांचा आहे, त्यामुळे डायनासोर पुन्हा जन्माला घालायचा बेत सोडून द्या.

शेपटी वर का गेली?

जुन्या चित्रांत डायनासोर शेपटी फरफटत चालतात. न्यूयॉर्कचा टी. रेक्स १९१५ मध्ये तसाच उभा केला होता, ताठ, शेपूट जमिनीला टेकवून. १९९० च्या दशकात त्याला आडवा केला: पाठ जमिनीला समांतर, शेपटी मागे हवेत. डिपीची शेपटीही १९९३ मध्ये उचलली गेली. हाडं तीच, पुरावा नव्याने वाचलेला. त्यातला एक पुरावा कुणालाही समजेल असा आहे. दगडांवर डायनासोरांच्या पावलांचे ठसे ढिगाने सापडतात, पण शेपटी घासल्याची रेघ फार क्वचित. ओढतच नेत असते तर रेघ नको का उमटायला?

रंगांबद्दल थोडक्यात. खेळण्यांवरचे हिरवे-करडे रंग बहुतांशी चित्रकाराची मर्जी. पण काही पिसांच्या जीवाश्मांत रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म पिशव्या टिकल्या आहेत आणि त्यांच्या आकारावरून काही रंगछटा कळतात. चीनमध्ये सापडलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस-पांढरे पट्टे होते, हे २०१० मध्ये अशा रीतीने समजलं. डरकाळी? ती सगळी पडद्यावरची.

खुब्यातलं भोक

निघण्यापूर्वी एक गोष्ट मी तिला वाकून बघायला लावली. संग्रहालयात जे मोठं आणि जुनं ते सगळं डायनासोर नसतं. छताला टांगलेले पंखवाले टेरोसॉर डायनासोर नाहीत. वल्ह्यांच्या पायांचे समुद्री प्लेसिओसॉर नाहीत. पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन तर डायनासोरांच्या कितीतरी आधीचा, आणि नात्याने त्यांच्यापेक्षा आपल्याला जवळचा. ओळखायची एक खूण खुब्यात आहे. आपल्या खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा ज्या खळग्यात बसतो तो वाटीसारखा, बंद बुडाचा असतो. पालींचाही साधारण तसाच. बहुतेक डायनासोरांच्या खुब्यात त्या जागी आरपार भोक असतं. पाय अंगाखाली सरळ खांबासारखे, त्यामुळे भार वरच्या कडेवर येतो आणि बुडाची गरज उरत नाही.

ती गुडघ्यावर बसली आणि पाटीच्या दांडीवरून मान काढून त्या भोकातून पलीकडे बघू लागली. मी शेजारच्या काचेतला पक्ष्याचा छोटा सांगाडा दाखवला. त्याच्याही खुब्यात तेच भोक. पक्षी डायनासोरांच्याच वंशातले आहेत याचे पुरावे पुष्कळ आहेत, पण खुब्यातून आरपार दिसणाऱ्या उजेडाइतका झटकन पटणारा दुसरा मला तरी माहीत नाही.

बाहेर पडायच्या वाटेवर एक काचेची पेटी होती, कुणी थांबत नव्हतं तिथे. आत अर्ध्याच उकललेल्या प्लास्टरच्या वेष्टनात तळहाताएवढं एक हाड. पाटीवर क्रमांक, थराचं नाव, सापडल्याचं वर्ष, आणि खाली: 'ओळख अनिश्चित'. दिवसभर एकही फोटो न काढलेल्या माझ्या मैत्रिणीने फोन काढला आणि त्या पाटीचा फोटो घेतला. हाड फ्रेममध्ये आलंच नाही.